मानसा मुसाचे सोने आणि तघाझाचे मीठ

संपादक महोदय,

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा राजा मानसा मुसा ‘इतिहासातला सर्वांत श्रीमंत माणूस’ होता आणि १३२४च्या हजयात्रेत त्याने उधळलेल्या सोन्याने कैरो बुडाले, हे आता बहुतेकांना तोंडपाठ झाले आहे. त्याच्या संपत्तीचे डॉलरमधले आकडे निव्वळ हवेतले. कैरोबद्दल अल उमरी या अरब इतिहासकाराने लिहून ठेवले आहे: आधी सोन्याचा मिस्काल (सुमारे सव्वाचार ग्रॅम) २५ दिरहमच्या, म्हणजे चांदीच्या नाण्यांच्या, खाली येत नसे, त्यानंतर सुमारे १२ वर्षे तो २२च्या वर गेला नाही. म्हणजे साधारण आठव्या हिश्श्याची घसरण. सराफांना ती झोंबली असणार, पण याला बुडणे म्हणत नाहीत.

या राज्याचा कारभार कशावर चालत होता, हे मिठावरून जास्त नीट कळते. आपल्या दौलताबादला येऊन गेलेला प्रवासी इब्न बतूता १३५२मध्ये मोरोक्कोतल्या सिजिलमासाहून निघाला आणि २५ दिवसांनी सहारा वाळवंटातल्या मिठाच्या खाणींच्या गावी, तघाझाला पोचला. तिथे घरे आणि मशीदसुद्धा मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्याचे छप्पर. झाड औषधालाही नाही. मसूफा या वाळवंटी बर्बर जमातीचे गुलाम मीठ खणत. त्यांचा खजूर उत्तरेकडून येई, धान्य दक्षिणेकडून. एका उंटावर दोन लाद्या. वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या वलात्याला या ओझ्याचे ८ ते १० मिस्काल मिळत, मालीच्या राजधानीत २० ते ३०, कधी ४०.

भाव एवढा का चढे, ते वाटेत कळते. वाटेवरच्या तासरहला या पाणवठ्यावर तांडा तीन दिवस थांबे. पखाली दुरुस्त करायच्या, भरायच्या आणि त्यांना बाहेरून गोणपाट शिवायचे. नाहीतर वाळवंटातला गरम वारा पखालीतले पाणी शोषून घेतो. तिथून ‘तकशीफ’, म्हणजे मसूफा वाटाड्या, एकटा पुढे जाई. व्यापाऱ्यांची पत्रे तो वलात्याला पोचवी, मग तिथले लोक चार दिवसांची वाट तुडवत पाणी घेऊन सामोरे येत. वाटाड्या वाटेतच मेला तर वलात्याला पत्ताच लागत नसे, आणि तांड्यातले बहुतेक लोक तहानेने जात. बतूताच्या तांड्याने वाटाड्याला १०० मिस्काल मोजले. तो एका डोळ्याने आंधळा, दुसरा डोळा अधू, तरी वाट त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती!

राजांना यातून काय मिळे? मालीच्या आधीच्या घाना राज्याची जकात अल बक्री या अरब भूगोलकाराने १०६८मध्ये नोंदवली आहे: मिठाने लादलेले गाढव आत आले की एक दिनार (सोन्याचे नाणे), बाहेर गेले की दोन. सोन्याचा खडा सापडला तर तो राजाचा, भुकटी लोकांची. असे केले नाही तर सोने मातीमोल होईल, हे कारणही त्याने दिले आहे, आणि तेही मुसा कैरोला जाण्याच्या अडीचशे वर्षे आधी.

– इतिहासाचा एक अभ्यासक, पुणे