नोकरी सांभाळून दुसरी पदवी : शैक्षणिक कर्जाला नकार कोणत्या नियमाने?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस आले की वृत्तपत्रांतून शैक्षणिक कर्जाची माहिती छापून येते. ती उपयोगी असते, पण सगळी बारावी झालेल्या मुलासाठी आणि त्याच्या पालकांसाठी. बी.कॉम. होऊन आठ वर्षं नोकरीत काढलेला आणि आता एलएल.बी. करू पाहणारा कारकून, बी.ए., डी.एड. करून शाळेत शिकवणारी आणि मुक्त विद्यापीठातून बी.एड. करणारी शिक्षिका, संध्याकाळच्या वर्गाला बसून एमबीए करणारा कारखान्यातला पर्यवेक्षक यांच्यासाठी त्यात एक ओळही नसते. ही माणसं बँकेच्या शाखेत जातात, ‘पार्टटाइमला एज्युकेशन लोन नाही, शिवाय तुमची एक डिग्री झालेलीच आहे’ एवढं ऐकतात आणि पर्सनल लोनचा अर्ज भरून घरी येतात.

हे उत्तर ज्या ठामपणे दिलं जातं, तेवढा ठाम आधार त्याला नाही. इंडियन बँक्स असोसिएशनच्या, म्हणजे आयबीएच्या, २००१ मधल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत पात्र अभ्यासक्रमांच्या यादीत ‘मान्यताप्राप्त संस्थांचे सायंकालीन अभ्यासक्रम’ असा स्वतंत्र उल्लेख होता. पुढच्या सुधारणांत भर संस्थेच्या आणि अभ्यासक्रमाच्या मान्यतेवर आला. वयाची अट योजनेत नाही. आधी एक पदवी आहे म्हणून अपात्र, असंही कुठे लिहिलेलं नाही. उलट पुढच्या शिक्षणासाठी पहिल्या कर्जावर वाढीव कर्ज देण्याची तरतूद आहे. बँकांना आपल्या कर्जांचा ठरावीक वाटा ज्या क्षेत्रांना द्यावाच लागतो, त्या प्राधान्य क्षेत्राच्या रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येत शिक्षणासाठी व्यक्तीला दिलेलं २५ लाखांपर्यंतचं कर्ज बसतं (१ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा २० लाख होती). त्या व्याख्येतही पूर्णवेळ-अर्धवेळ हा भेद नाही.

मग अडतं कुठे? आयबीएची योजना हा नमुना आहे, कायदा नव्हे. प्रत्येक बँक त्यावरून स्वतःची योजना बेतते, आणि अनेक बँकांनी त्यात ‘नियमित, पूर्णवेळ’ हे शब्द घातले आहेत. काहींनी निवडक संस्थांच्या अर्धवेळ आणि एक्झिक्युटिव्ह अभ्यासक्रमांना वेगळी योजना दिली आहे, पण ती शाखेतल्या माणसाला ठाऊक असेलच असं नाही. दुसरं कारण हमीचं. साडेसात लाखांपर्यंतच्या विनातारण कर्जाला केंद्राच्या पतहमी निधीचं ७५ टक्के संरक्षण मिळतं, म्हणजे कर्ज बुडालं तर थकीत रकमेचा तेवढा वाटा निधी बँकेला देतो, मात्र कर्ज आयबीएच्या योजनेत बसणारं असेल तरच. अर्जावर ‘अर्धवेळ’ दिसलं की अधिकाऱ्याला हमी नाकारली जाण्याची धास्ती वाटते. त्याची भीती अगदीच निराधार नाही, म्हणून ती कागदांनी दूर करावी लागते.

त्यासाठी आपला अभ्यासक्रम कागदोपत्री नेमका काय आहे, हे आधी पाहावं. इथेच सर्वांत जास्त अर्ज फसतात. तीन वर्षांची एलएल.बी. ही कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या लेखी नियमितच आहे. दूरस्थ पद्धतीच्या एलएल.बी.ला मान्यता नाही. वर्ग सकाळच्या सत्रात भरतात म्हणून कर्जाच्या अर्जात ‘पार्टटाइम’ लिहिणं ही चूक आहे. ‘नियमित, सकाळचे सत्र’ असं लिहावं आणि तसंच पत्र महाविद्यालयाकडून घ्यावं. नोकरीत असाल तर मालकाचं ना-हरकत पत्र लागतं, ते बार कौन्सिलसाठीही आणि बँकेसाठीही. विषयवार ७० टक्के हजेरीची अट नोकरीमुळे सैल होत नाही, हेही लक्षात ठेवावं.

अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या बाबतीत एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत चालणारे स्वतंत्र वर्ग मंजूर केले आहेत. अशा वर्गाला प्रवेश असेल तर त्या वर्षाच्या एआयसीटीई मंजुरीपत्राची प्रत महाविद्यालयाकडून मागावी आणि त्यात आपल्या शाखेचं नाव आहे का ते पाहावं. नुसतं महाविद्यालय मान्यताप्राप्त असून भागत नाही.

दूरस्थ आणि ऑनलाइन पदवीसाठी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि प्रवेशसत्र या तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. गेल्या वर्षीची मान्यता या वर्षी चालत नाही. त्या पानाची छापील प्रत अर्जाला जोडावी. सोबत यूजीसीचं सप्टेंबर २०२२ चं परिपत्रक जोडावं. मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानावी, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे. एकाच वेळी दोन पदव्या चालू असतील तर त्याला मुभा देणारी यूजीसीची एप्रिल २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं जोडावीत. (कायद्याच्या पदवीला मात्र ही मुभा गृहीत धरू नये; बार कौन्सिलचा नियम वेगळा आहे.)

एक सावधगिरी फार कळकळीने सांगावीशी वाटते. ऑनलाइन शिकवणाऱ्या खासगी कंपन्या ‘विना-व्याज हप्ते’ म्हणून जे देतात, ते बहुतेक वेळा एखाद्या वित्तसंस्थेचं तुमच्या नावावरचं वैयक्तिक कर्ज असतं. अभ्यासक्रम आवडला नाही, वर्ग बंद पडले, तरी हप्ते थांबत नाहीत, आणि थकले की क्रेडिट स्कोअर घसरतो. यूजीसीच्या नियमांनुसार विद्यापीठाला आपला दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम फ्रँचायझीने दुसऱ्याकडे चालवायला देता येत नाही. सही करण्यापूर्वी पदवी कोण देणार आणि पावती कोणाच्या नावाची मिळणार, हे दोनच प्रश्न विचारावेत.

आता कागद. प्रवेशपत्र, वर्षवार किंवा सत्रवार फीचं विवरण, विद्यापीठाच्या सही-शिक्क्यासह, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं किंवा फॉर्म १६, अलीकडच्या पगारपावत्या, सहा महिन्यांचा खातेउतारा. पहिली पदवी आणि हा प्रवेश यांतल्या वर्षांचा हिशेब बँक विचारतेच, त्यासाठी अनुभवाचे दाखले क्रमाने लावावेत. ट्यूशन फी, परीक्षा फी, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा शुल्क धरलं जातं. पुस्तकं, उपकरणं, संगणक यांसाठी साधारणपणे एकूण ट्यूशन फीच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, अनामत वगैरेंसाठी १० टक्क्यांपर्यंत. चार लाखांपर्यंत स्वतःचा वाटा घालावा लागत नाही. त्यावर भारतातल्या शिक्षणाला ५ टक्के.

सहकर्जदार म्हणून आई-वडीलच हवेत असा आग्रह शाखेत धरला जातो. विवाहित अर्जदाराच्या बाबतीत पती किंवा पत्नी, आई-वडील किंवा सासू-सासरे यांपैकी कोणीही चालतं, असं आयबीएच्या योजनेत आहे. माहेरच्या निवृत्त वडिलांना साताऱ्याहून पुण्याला सहीसाठी आणण्याची गरज नाही. तसंच ‘तुमच्या गावच्या शाखेत जा’ हेही ऐकून घेऊ नये. सेवाक्षेत्राच्या, म्हणजे अर्जदार शाखेला नेमून दिलेल्या परिसरातला नाही या, कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना कळवलं आहे.

मंजुरीनंतरही एक खोळंबा होतो. बँक पैसे थेट संस्थेच्या खात्यात भरते आणि मुक्त विद्यापीठांची फी बहुधा विद्यार्थ्याच्या लॉगिनमधूनच ऑनलाइन भरावी लागते. शेवटची तारीख जवळ आली की माणूस स्वतःच्या कार्डावर पैसे भरतो, आणि भरलेली फी बँक परत देईलच याची खात्री नसते. म्हणून मंजुरीपत्र हातात येण्याआधीच विद्यापीठाच्या वित्त विभागाकडून खातेक्रमांक आणि फी थेट स्वीकारण्याबाबतचं पत्र मागून ठेवावं. ते मिळणार नसेल तर प्रतिपूर्तीची अट मंजुरीपत्रात लिहून घ्यावी.

पर्सनल लोन आणि शैक्षणिक कर्ज यांतला फरक नुसत्या व्याजदराचा नाही. समजा तीन वर्षांची फी तीन लाख आहे, दर वर्षी एक लाख. पर्सनल लोनमध्ये तिन्ही लाख पहिल्याच दिवशी अंगावर येतात. १४ टक्के दराने पाच वर्षांसाठी हप्ता ६,९८० रुपये आणि पहिल्या वर्षीचं व्याजच सुमारे ३९,२०० रुपये. शैक्षणिक कर्जात पहिल्या वर्षी एकच लाख उचललं जातं. १० टक्के धरले तर व्याज १०,०००. शिवाय तरत्या, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या, दराचं शैक्षणिक कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. स्थिर दराच्या पर्सनल लोनवर बहुधा असतो.

शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष हप्ते सुरू होत नाहीत, पण साधं व्याज चालूच असतं. पगार असलेल्याने ही सवलत वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वरच्याच उदाहरणात चार वर्षांत ९०,००० रुपये व्याज साचतं आणि मुद्दलात मिळून ३ लाख ९० हजार होतं. दहा वर्षांच्या फेडीत ३,९६५ रुपयांचा हप्ता ५,१५४ वर जातो. म्हणजे न भरलेल्या ९०,००० पोटी पुढे जवळजवळ १ लाख ४३ हजार द्यावे लागतात. शिक्षण चालू असताना व्याज नियमित भरणाऱ्याला व्याजदरात एक टक्का सवलत देण्याची तरतूदही योजनेत आहे. बँक ती आपणहून सांगत नाही. मंजुरीपत्रात आहे का ते पाहावं.

करसवलतीबाबत तर गैरसमज फारच आहेत. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०ई मध्ये पूर्वी ‘पूर्णवेळ’ शिक्षणाची अट होती. २००९ च्या दुरुस्तीत ती गेली आणि बारावीनंतरचा कोणताही मान्यताप्राप्त अभ्यासक्रम त्यात आला. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाची पूर्ण वजावट मिळते, कमाल मर्यादा नाही. मात्र ती जुन्या करपद्धतीतच मिळते, फक्त व्याजाची मिळते आणि व्याज भरायला सुरुवात केल्यापासून आठ वर्षंच मिळते. नोकरदार पहिल्या वर्षापासून व्याज भरत असेल तर त्याची आठ वर्षं तेव्हापासूनच मोजली जातात, त्यामुळे पंधरा वर्षांची फेड घेऊ नये. पगारदारांच्या पतसंस्थेचं कर्ज हाताशी असतं, वीस-तीस हजारांच्या फीला ते सोयीचंही आहे, पण त्याच्या व्याजावर ही वजावट मिळत नाही. पर्सनल लोनवरही नाही.

नकार मिळाला तर तो लेखी मागावा. शैक्षणिक कर्जाचे अर्ज ऑनलाइन घेणाऱ्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरून एका अर्जात तीन बँका निवडता येतात, आणि तिथे अर्जाची नोंद राहते हा त्याचा खरा फायदा. तोंडी नकाराची नोंद कुठेच राहत नाही. आयबीएच्या योजनेनुसार अर्जाचा निकाल १५ दिवस ते एक महिन्यात लागायला हवा आणि नकार वरिष्ठ कार्यालयाच्या संमतीने, कारणासह द्यायला हवा. तसं झालं नाही तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं. तक्रारीत ‘कर्ज दिलं नाही’ असं लिहू नये. कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय ठरतो आणि तक्रार तिथेच निकाली निघते. ‘कारण कळवलं नाही’, ‘मुदतीत निर्णय दिला नाही’, ‘सेवाक्षेत्राचं कारण सांगितलं’ असं नेमकं लिहावं.

इंग्लंडने हीच चूक केली होती आणि काही अंशी सुधारली. एका पातळीची पदवी असलेल्याला त्याच पातळीच्या दुसऱ्या पदवीसाठीचं सरकारी पाठबळ तिथे २००८ पासून काढून घेतलं गेलं. २०१५ मध्ये अभियांत्रिकी, तंत्रज्ञान आणि संगणकशास्त्राच्या अर्धवेळ दुसऱ्या पदवीला फीचं कर्ज पुन्हा खुलं झालं, २०१७ मध्ये विज्ञान आणि गणितालाही. या विषयांत सूट मिळते ती दुसरी पदवी अर्धवेळ असेल तरच, कारण नोकरी न सोडता शिकणाऱ्याला पाठबळ द्यावं हा त्यामागचा विचार आहे. आपल्याकडे नेमकं तेच अपात्रतेचं कारण होऊन बसलं आहे.

मागण्या तीनच आहेत. आयबीएने आदर्श योजनेत ‘मान्यताप्राप्त अर्धवेळ, सायंकालीन, दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी’ हे शब्द स्पष्टपणे घालावेत, म्हणजे पतहमीबद्दलचा संशय मिटेल. नोकरदार अर्जदाराची परतफेडीची क्षमता त्याच्या आजच्या पगारावर मोजावी आणि पगारातून हप्ता वळता होत असेल तर सहकर्जदाराचा आग्रह सोडावा. आणि केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत बदल करावा. साडेचार लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना ते अनुदान एकदाच, तेही पहिल्या पदवीसाठी किंवा पदव्युत्तर शिक्षणासाठी मिळतं. पदवीनंतरची एलएल.बी. आणि बी.एड. या दोन्ही नावाने ‘बॅचलर’च असल्यामुळे ना पहिली पदवी ठरतात, ना पदव्युत्तर. ज्याने पहिल्या पदवीच्या वेळी एक रुपयाही अनुदान घेतलं नाही, त्याला ते या पदवीसाठी मिळावं.

– एक निवृत्त बँक अधिकारी, पुणे