ज्या घराला मका नाही

त्राशिगांग, भूतान
12 ऑक्टोबर

प्रिय सुध्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. रागावू नकोस. विजेच्या खांबांच्या जागा मोजत दिवसभर डोंगर चढतो-उतरतो, रात्री पेन धरायचं त्राण राहत नाही.

परवा एका वाडीत गेलो होतो. गाडीरस्ता संपतो तिथून तासभर चढ. मक्याची काढणी उरकलेली, वळचणीला सोललेल्या कणसांच्या माळा, पिवळ्या नि तांबूस. सवयीने घरं मोजली. सतरा. त्यातल्या सहांना मका नव्हता. ड्रायव्हर तिकडे हनुवटी करून म्हणाला, "गुंगतोंग." गुंग म्हणजे घर, तोंग म्हणजे रिकामं. सरकारी कागदांतही हाच शब्द आहे म्हणे. घर नोंदीत, माणसांची नावं नोंदीत, माणसं मात्र थिंफूला. नाहीतर थेट ऑस्ट्रेलियात, पर्थला.

आकड्यांशिवाय तुझं समाधान व्हायचं नाही, तर घे. या जिल्ह्यात 2005 च्या जनगणनेला 51,134 माणसं होती, 2017 ला 45,518. त्याच काळात देश 6,34,982 वरून 7,27,145 वर गेला. खेड्यात राहणारे 69 टक्क्यांवरून 62 वर आले. पण गुणाकार करून बघ, देशभरच्या खेड्यांतली एकूण माणसं थोडी वाढलेलीच निघतात! म्हणजे राजधानीत बसून बेरीज बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसणार. झीज दिसते ती इथे, पूर्वेकडे. आपली रत्नागिरी नाही का, 2001 ते 2011 मध्ये महाराष्ट्र वाढत असताना आटली.

एका आजीने आम्हाला चहा दिला, लोणी-मिठाचा. (पहिला घोट अवघड जातो, तिसऱ्या कपाला सवय होते.) इकडे घर-जमीन बऱ्याच ठिकाणी मुलीकडे जाते. हिची मुलगी फुकटच्या शाळेत शिकली, वसतिगृहात राहिली, थिंफूत नर्स झाली. गाव रिकामं झालं ते उपासमारीने नाही रे, शाळा चांगली चालली म्हणून. त्यात आता पोरंही कमी होतात, 2017 च्या जनगणनेत बाईमागे 1.7.

मला वाटलं, म्हातारी मुलीच्या नावाने रडेल. छे! तिचा राग शेजारच्या बंद घरावर. त्यांच्या शेतात पुरुषभर झाडोरा माजलाय. रानडुकरं दिवसा तिथे लपतात आणि रात्री हिच्या मक्यात उतरतात. माकडांची पाळी दिवसा. हंगामभर ही बाई, सत्तरीची, माचाणावर पत्र्याचा डबा बडवत जागते. पूर्वी चार घरं मिळून पाळी लावायची. पाट साफ करायला, देवळाच्या डागडुजीला घरटी एक माणूस लागतो, तिथेही आता अकराच घरं सतरांचं काम ओढतात. गेलेला सुटला, ओझं उरलेल्याच्या खांद्यावर.

वर्षातून एकदा मात्र ती बंद दारंही उघडतात. घरची वार्षिक पूजा असते, तिला लोचो म्हणतात (हसू नकोस, आपला लोचा नव्हे). पोरं दोन-दोन दिवस गाडीत बसून येतात, लामा बोलावतात, जेवणं होतात, की परत. चुलीत राख असते म्हणून कळायचं, नाहीतर कोणी आलं होतं याचा मागमूस नाही. मी ऐकत होतो आणि डोळ्यापुढे आपली गणपतीची गाडी. ड्रायव्हरला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग तुमचं घरही गुंगतोंगच की, सर." काय बोलणार? त्याला बिस्किटाचा पुडा दिला.

तू विचारलं होतंस, घराची कौलं यंदा बदलायची का. बदलू, मी निम्मे पैसे पाठवतो. पण त्याआधी एक काम कर. खालच्या वाडीतल्या भाऊंना फोन लाव आणि आपल्या परड्यातली झाडी साफ करून घे. गेल्या मे महिन्यात ते डुकरांबद्दल काहीतरी सांगत होते, मी नीट ऐकलं नव्हतं. मजुरी जी सांगतील ती दे, घासाघीस नको.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या