शिफारस पुस्तकाची नको, पानाची करा

महोदय,

परभणी, नांदेड, लातूर, बीड इथली हौशी नाट्यमंडळी आपल्याकडची पुस्तकं एकमेकांना मोकळ्या मनानं देतात. पण उत्स्फूर्त नाट्याच्या, म्हणजे इम्प्रोव्हायझेशनच्या पुस्तकांबाबत 'भारी आहे, वाच' एवढ्यावर भागत नाही. व्हायोला स्पोलिन यांच्या 'इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर' (१९६३) या पुस्तकात दोनशेहून अधिक खेळ आणि व्यायाम आहेत. कादंबरीसारखं सलग वाचायला घेतलं, तर ते अर्ध्यातच कपाटात जातं.

म्हणून कोणाला, कशासाठी आणि कुठून वाचायचं, हे सांगूनच पुस्तक द्यावं. बालनाट्य शिबिर घेणाऱ्या शिक्षकांना स्पोलिन द्या. खेळ न थांबवता बाहेरून छोटी सूचना कशी द्यायची, ही त्यांची 'साइड कोचिंग'ची पद्धत आधी वाचायला सांगा. एकांकिका बसवणाऱ्याला कीथ जॉनस्टन यांचं 'इम्प्रो' (१९७९) द्या, आणि त्यातलं 'स्टेटस' (पात्रांमधला वर-खाली दर्जा) हे प्रकरण आधी वाचायला सांगा. मुखवटे आणि ट्रान्स (भान हरपण्याची अवस्था) यांवरचा शेवटचा भाग मात्र नवख्या गटानं जाणत्या माणसाशिवाय करून पाहू नये. पथनाट्यवाल्यांना ऑगस्टो बोआल यांचं 'गेम्स फॉर अ‍ॅक्टर्स अँड नॉन-अ‍ॅक्टर्स' जास्त उपयोगी.

स्टेटसच्या खेळात जॉनस्टन यांची सूचना अशी, की आपला दर्जा समोरच्यापेक्षा थोडासाच वर किंवा थोडासाच खाली ठेवा. हा 'थोडासा' वगळून खेळ सांगितला की सगळं बिघडतं. एसटी स्टँडवरचा कंट्रोलर आणि प्रवासी घ्या. फरक मोठा ठेवला तर एक ओरडतो, दुसरा पाया पडतो आणि अर्ध्या मिनिटात प्रसंग संपतो. फरक बारीक ठेवला तर प्रवासी विचारतो, "गाडी कधी लागणार?" कंट्रोलर रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणतो, "बोर्ड वाचा." प्रवासी शांतपणे म्हणतो, "बोर्डावर कालची वेळ आहे, साहेब." आता दोघांनाही खेळायला जागा आहे.

पुस्तक परत करताना त्यातला एक खेळ किमान सहा जणांसोबत करून एक कार्ड लिहून द्यायचं, असा नियम प्रत्येक गटानं करावा. कार्डावर खेळाचं नाव, माणसं, जागा, वेळ, बाहेरून द्यायच्या सूचना आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काय बिघडलं. उदाहरणार्थ, 'आरसा': दोघांची जोडी, समोरासमोर दोन हात अंतर, पाच मिनिटं. एक हालचाल करतो, दुसरा त्याचं प्रतिबिंब होतो. 'बदला' म्हटलं की भूमिका बदलतात आणि शेवटी कोणीच पुढाकार घ्यायचा नाही. बिघाड नेहमीचाच: पुढचा माणूस जोडीदाराला चकवायला भराभर हात हलवतो. सूचना एकच, "हळू!"

काही खेळ मराठीत घेताना सांभाळावे लागतात. प्रत्येकानं एकेक शब्द जोडत गोष्ट सांगायची, हा त्यातला एक. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे जो तो ते पुढच्यावर ढकलतो आणि वाक्य लांबतच जातं. शिवाय कोणी 'काळी' म्हटलं की पुढच्याला त्याला जुळणाऱ्या लिंगाचं नाम शोधत अडखळावं लागतं. नवख्यांना एकऐवजी दोन-तीन शब्द बोलू द्या आणि सहाव्या माणसापर्यंत क्रियापद आलंच पाहिजे, असं ठरवा. असं काही इंग्रजी पुस्तकात मिळणार नाही, ते कार्डांतूनच साठेल. ही कार्डं भारूड करणाऱ्यांना आणि तमाशात बतावणी रंगवणाऱ्यांनाही दाखवावीत. प्रेक्षकांतून आलेला शब्द तिथल्या तिथे झेलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. खेळ कुठे सैल पडतो, हे ते लगेच दाखवतील.

पुस्तकं महाग आहेत म्हणून अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढणं कायद्यात बसत नाही. खेळाची रीत स्वतःच्या शब्दांत कार्डावर लिहायला मात्र हरकत नाही. दोन-तीन संस्थांनी मिळून एक प्रत घ्यावी आणि सार्वजनिक वाचनालयात लेखी मागणीही नोंदवावी. तालीम करून पाहायची असल्यानं मुदत आठवड्याची नको, महिन्याची ठेवावी.

आपल्या पुरवणीत दर पंधरवड्याला असं एक कार्ड छापता आलं, तर तालुक्याच्या गावांतल्या गटांनाही ते मिळेल.

– एक नाट्यप्रेमी वाचक, परभणी