चिखल त्याचा, हप्ता माझा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. ती बातमी वाचून आमच्या घरात आनंदाऐवजी शांतता पसरली, कारण आम्हा दोघांच्या पॉलिसीचे पैसे मी 18 ऑगस्टला भरून मोकळी झाले होते. मूळ हप्ता 45,400 रुपये, त्यावर कर 8,172, एकूण 53,572. एक महिना चार दिवसांनी तोच कर शून्य! "थोडं थांबायचं होतंस," असं आमचे हे म्हणाले. मुदत संपलेली पॉलिसी घेऊन साठी-सत्तरीच्या माणसांनी थांबायचं म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी म्हणाले.

असो. कराचं दुःख मी गिळलं. गिळवत नाही ती एक पांढरी मोटार.

जुलैचा दुसरा आठवडा. संध्याकाळचे सात वाजत आले होते, संततधार चालू होती. मी कर्वे पुतळ्याच्या बाजूने कोथरूडकडे, रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने, स्कूटरवर रांगत चालले होते. वेग वीस असेल, फार तर बावीस. तिथे गटाराच्या झाकणाजवळ दर पावसाळ्यात एक डबकं होतं. आमच्या भागात सगळ्यांना ते पाठ आहे. उजवीकडून ही मोटार खेटून आली आणि त्या डबक्यातून सुसाट गेली. गढूळ पाण्याची चादर माझ्या हेल्मेटच्या काचेवर बसली. दोन सेकंद काही म्हणजे काही दिसलं नाही. मी ब्रेक दाबला आणि पुढचं चाक नेमकं झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर होतं. ओल्या रंगावर चाक कसं जातं ते दुचाकीवाल्यांना सांगायला नको. मी डाव्या हातावर पडले.

मोटार थांबली. मला वाटलं, कुणीतरी उतरेल. काच चार बोटं खाली झाली, आतून कुणीतरी बघितलं, काच वर गेली आणि गाडी निघून गेली. नंबरातलं 'एमएच 12' तेवढं दिसलं, पुढचे आकडे चिखलाखाली. कणसं भाजणाऱ्याने आपली मोठी छत्री उचलून माझ्यावर धरली (त्याचे निखारे तोवर विझले असणार) आणि कॉलेजची दोन मुलं धावत आली. "आजी, हात हलवू नका," त्यातला एक म्हणाला. मनगट मोडलं होतं, पण त्या क्षणी जास्त लागलं ते 'आजी'. मी सहासष्ट वर्षांची आहे, केस रंगवत नाही, हे मान्य.

मनगटात पट्टी आणि स्क्रू बसले. रुग्णालयात दोन रात्री काढल्या. बिल 1,42,600 रुपये. विमा कंपनीने मंजूर केले 1,14,200. उरलेले 28,400 का कापले, हे समजून घ्यायला मला एक अख्खी दुपार लागली, आणि मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. आमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 5,000. त्या रात्री रिकामी होती ती खोली 6,500 ची. मी समजत होते, वरचे दीड हजार आपण द्यायचे. तसं नसतं. खोली ज्या प्रमाणात महाग, त्याच प्रमाणात शल्यचिकित्सकाची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं, सगळ्यालाच कात्री लागते. त्यात जवळजवळ 22 हजार गेले. बाकीचे हातमोजे, चादरी, मास्क, असल्या, विम्यातून ज्यांचे पैसे मिळत नाहीत अशा वस्तूंचे. आपल्या वाचकांनी आज एवढं तरी करावं: कपाटातून पॉलिसी काढून खोलीभाड्याची ओळ शोधावी. ती बारीक अक्षरात असते.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर सकाळी साडेदहाला "जा आता" म्हणून गेले. कंपनीची अंतिम मंजुरी आली संध्याकाळी सात वाजता. विमा नियामक इर्डाने मे 2024 मध्ये नियम केलाय की डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची, आणि उशिरामुळे रुग्णालयाचा वाढीव खर्च झाला तर तो कंपनीने सोसायचा. मी पिशवी मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला बसले होते आणि खिडकीवरची मुलगी दर तासाला "मेल केलाय काकू" म्हणत होती. तिचा काही दोष नाही.

त्यानंतर महिनाभरात नूतनीकरणाची नोटीस आली. गेल्या वर्षीचा हप्ता 41,300, यंदाचा 45,400. वाढ 9.93 टक्के. इर्डाने जानेवारी 2025 मध्ये कंपन्यांना सांगितलं की ज्येष्ठांचा हप्ता इर्डाशी सल्लामसलत केल्याशिवाय वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा नाही. चांगला निर्णय. पण आमच्या कंपनीने ती मर्यादा मर्यादा म्हणून न वाचता लक्ष्य म्हणून वाचली. वर्गात पस्तीसला पास असेल तर नेमके पस्तीस पाडणारी मुलं असायची, त्यांची आठवण झाली. दरवर्षी एवढीच वाढ होत राहिली तर सव्वासात-साडेसात वर्षांत रक्कम दुप्पट होते. तेव्हा मी चौऱ्याहत्तरची असेन आणि माझं निवृत्तिवेतन दुप्पट झालेलं नसेल.

त्याच नोटिशीत खाली आणखी एक ओळ होती. इतकी वर्षं दावा केला नाही म्हणून आमच्या पाच लाखांच्या विम्यावर अडीच लाखांचा बोनस, म्हणजे तेवढं जादा विमा संरक्षण, साठला होता. यंदा दावा केला, सबब तो दोन लाख.

आता त्या मोटारवाल्याचा हिशेब मांडते. गाडीचा तृतीय पक्ष विमा, म्हणजे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा, कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. 1000 ते 1500 सीसीच्या मोटारीला जून 2022 मध्ये तो वर्षाला 3,416 रुपये ठरला. तुम्ही सिग्नल पाळा किंवा तोडा, डबक्यातून हळू न्या किंवा उडवत न्या, हप्ता तोच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा, त्यावर दावा न करणाऱ्याला सवलत मिळते (तिलाही बोनसच म्हणतात) आणि पाच वर्षांत ती पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. माझं मनगट मोडताना त्याच्या गाडीला ओरखडासुद्धा उठला नाही. म्हणजे त्याचा बोनस शाबूत, माझा पन्नास हजारांनी कमी. चूक करणाऱ्याच्या वहीत या घटनेची नोंदच नाही!

तुम्ही म्हणाल, कायदा आहे की. आहे. पोलीस चौकीत मी तक्रार दिली, तिथल्या हवालदारांनी नीट लिहून घेतली. वाहन सापडलं नाही तर गंभीर जखमीला 50 हजार रुपये देण्याची केंद्राची योजना 2022 पासून आहे, तिचा अर्ज मी भरलाय. अपघातग्रस्तांवर सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार देणारी योजना मे 2025 मध्ये अधिसूचित झाली. ती मला कळली प्लास्टर निघाल्यावर. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा दावा लावायचा तर 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे, आणि लावायचा कुणावर? 'एमएच 12' वर?

ही एकच मोटार असती तर मी नशिबाला बोल लावून गप्प बसले असते. पण पावसात पुण्याच्या रस्त्यावर तासभर उभं राहून बघा. पहिली सर आली की सगळे दुचाकीवाले मेट्रोच्या खाली, पुलाच्या खाली, जिथे छप्पर मिळेल तिथे भर रस्त्यात थांबून रेनकोट चढवू लागतात आणि मागून येणारी बस कोरड्यातून एकदम ओल्यात आणि ओल्यातून या घोळक्यात येते. मोटारवाले चारही इंडिकेटर लावून धावतात, जणू ते दिवे लावले की पाऊस लागत नाही. मग तो डावीकडे वळणार की उजवीकडे, हे ब्रह्मदेवाला विचारायचं. आतून काच धुरकट झालेली असते, पंख्याचं बटण दाबायचं सोडून हाताने बशीएवढा गोल पुसून त्यातून बघत चालवतात. रिक्षावाल्यांनी बाजूला रेक्झिनचे पडदे सोडलेले, आरसा पडद्याआड. समोरून येणाऱ्याचा अप्पर लाइट ओल्या रस्त्यावर पसरतो तेव्हा खड्डा कुठला आणि सावली कुठली ते कळत नाही. शनिवार-रविवारी हीच मंडळी ताम्हिणीत धुक्यात वळणावर ओव्हरटेक करतात. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून हँडलला लावलेल्या डिलिव्हरीच्या पोरांनाही मी बोलले असते, पण त्यांना पळवणारे आपणच घरी बसून घड्याळ बघत असतो. आमच्या घरूनही मागवलं जातं.

मागणी एकच आहे. जानेवारी 2021 मध्ये इर्डाच्याच एका कार्यगटाने सुचवलं होतं की वाहतुकीचे नियम मोडणाऱ्याला त्याच्या विम्यात वेगळा जास्तीचा हप्ता लावावा, त्याच्या चलनांना दिलेल्या गुणांवरून. 2022 मध्ये 'जसं चालवाल तसं भरा' अशा प्रकारच्या विम्याला परवानगीही मिळाली, पण तो घ्यायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरतं. माझं वय वाढलं, साखर वाढली की कंपनीला लगेच कळतं आणि हप्त्यात दिसतं. त्याची ई-चलनं सरकारच्या संगणकात पडून आहेत, ती मात्र त्याच्या सक्तीच्या विम्यात दिसत नाहीत. हे दोन संगणक एकमेकांना जोडायला काय अडचण आहे? आणि जोडेपर्यंत, दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या अपघाताचा पोलिसांत नोंदवलेला दावा असेल तर निदान जखमीचा बोनस कापू नये. एवढ्याने कुठली कंपनी बुडणार नाही.

हात आता बरा आहे. पाऊस लांबलाय, डबकंही तिथेच आहे. तिथे आलं की मी स्कूटर अलीकडेच उभी करते, मागच्या गाड्या जाऊ देते आणि मग निघते. परवा अशीच थांबले होते तर मागच्याने हॉर्नवर हॉर्न मारले, शेजारी येऊन काच खाली केली आणि म्हणाला, "काकू, चालवता येत नसेल तर रिक्षाने जा ना!"

निदान काकू म्हणाला.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
कोथरूड, पुणे