तान्ह्या बाळाचं घर एका दुपारी बदलू नये

मा. संपादक,
स.न.

आईवडिलांपासून दूर ठेवाव्या लागलेल्या मुलांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. शाळकरी मुलांच्या अडचणी त्यात नेमक्या मांडल्या आहेत. वर्षाच्या आतल्या बाळांचं मात्र ‘त्यांना अजून काही कळत नाही, ती लवकर रुळतात’ एवढ्यावर भागवलं आहे. बालसंरक्षण कार्यकर्ती म्हणून याच क्षेत्रात काम करत असल्यामुळे हे मला अजिबात पटलेलं नाही.

सहा-सात महिन्यांचं बाळ माणसं ओळखून धरू लागतं. घाबरलं की कुणाकडे झेपावायचं, हे त्याचं ठरलेलं असतं. नेमकं तेव्हाच आम्ही ते उचलतो आणि कार्यालयाच्या सोयीने एका दुपारी दुसऱ्या घरी सोडून येतो. कपड्यांची पिशवी, लसीकरणाचं कार्ड, दोन सह्या, की झालं. चौकशीला फोन केला तर उत्तर येतं, ‘शांत आहे हो, काही त्रास नाही.’ अहवालात ‘बाळ रुळले’ अशी नोंद होते. पण कुणीही घेतलं तरी मुकाट जाणारं, नजर चुकवणारं बाळ दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. रडून कुणी येत नाही, हे कदाचित त्याला उमगलेलं असतं.

ही माझी एकटीची भीती नाही. अनाथालयासारख्या संस्थांमधली बाळं पोटभर दूध आणि स्वच्छता मिळूनही खंगतात, हे मनोविश्लेषक रेने स्पिट्झ यांनी १९४५ मध्येच नोंदवलं होतं. पुढे रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये संस्थांतल्या १३६ मुलांचा अनेक वर्षं अभ्यास झाला. त्यात दोन वर्षांच्या आत प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे दुसऱ्याचं मूल तात्पुरतं सांभाळणाऱ्या घरात, गेलेल्या मुलांना नाती जोडणं अधिक जमलं. तीन वर्षांखालच्या मुलांची पर्यायी देखभाल कुटुंबातच व्हावी, असं संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात.

पण नुसतं कुटुंब मिळवून दिलं की आमचं काम संपत नाही. जन्मदात्या आईची भेट कशी होते ते पाहा. एक खोली, एक तास, कोपऱ्यात वही घेऊन बसलेली कार्यकर्ती. बाळाच्या झोपेची वेळ, ते किरकिरतं, प्रतिपालक आईकडे हात पसरतं. आई कोसळते आणि वहीत ‘जिव्हाळा दिसत नाही’ असं उतरतं. किती अन्याय आहे हा! कार्यकर्तीने वही मिटून त्या आईशेजारी जमिनीवर बसावं. बाळ हल्ली कशाने हसतं, डोळे चोळले म्हणजे त्याला काय हवं असतं, हे तिला दाखवावं. प्रतिपालक आईलाही त्याच खोलीत बसू द्यावं. तिच्या मांडीवरून बाळ हळूहळू आईकडे सरकतं, हे मी पाहिलेलं आहे.

घर बदलणं अटळ असेल तर नव्या माणसांनी आधी जुन्या घरी येऊन बाळाला भरवावं, न्हाऊ घालावं, झोपवावं. हलवल्यानंतरही जुन्या पालनकर्त्या बाईची भेट चालू राहावी. ‘ती आली की बाळ रडतं, भेटी थांबवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. खरं तर त्या रडण्याला कुणी तरी जवळ घेणारं हवं असतं. यासाठी वेळ लागतो, म्हणून एका कार्यकर्तीकडे किती बाळं असावीत याची मर्यादा ठरवा आणि मधेच तिची बदली करू नका, ही आमची मागणी आहे. या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा प्रतिपालक आयांशीही जरूर बोला.

आपली,
एक बालसंरक्षण कार्यकर्ती