विषय: डेटाबेस अपग्रेड करायचा की नाही, ते एकदाचं लेखी कळवा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला. देवगडातला आमचा आंबा पॅकिंगचा सगळा हिशेब, म्हणजे बागायतदारांची खाती, पेट्यांची आवक, वाशीच्या बाजारातून येणाऱ्या विक्रीच्या पट्ट्या, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्याखाली सगळा डेटा साठवणारा डेटाबेस, मायएसक्यूएलचं ५.७ व्हर्जन, तुमच्याच माणसाने बसवलं. त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. हे मला बाहेरून कळलं. तुमच्याकडून एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभालीचं, बिल तेवढं वेळेवर आलं.

आज तुमच्या सिनियर साहेबांना विचारलं, "पुढच्या ८.० व्हर्जनवर गेलो तर तुमचा प्रोग्राम चालेल?" म्हणाले, "चालायला पाहिजे." म्हटलं, ८.० मध्ये ग्रुप बाय, म्हणजे नोंदींचे गट पाडायची कमांड, दिल्यावर आपोआप लागणारा क्रम काढून टाकलाय, आमची बागायतदारांची यादी विस्कटली तर? पलीकडे शांतता. मग फोन म्यूट न करताच कोणाला तरी विचारलं, "अरे, हे ग्रुप बाय काय म्हणतायत?" परत आले ते थेट निकाल घेऊन: "सर, अपग्रेडचा निर्णय ग्राहकाचा असतो."

बरं. मग नाही करत, बॅकअप अर्ध्यात अडकतो तेवढं बघा. "जुन्या व्हर्जनची तक्रार आम्ही नोंदवत नाही." बरं, मग करतो. "एप्रिलमध्ये इंजिनियर मोकळा आहे, दोन दिवस सिस्टिम बंद ठेवा." अहो, एप्रिलात रोज गाड्या भरतात इथे! तर साहेब शांतपणे विचारतात, "आंबे दोन दिवस उशिरा काढता येणार नाहीत का?"

येतील ना. हापूसला तुमचा तिकीट नंबर कळवतो, थांबेल तो झाडावर.

शिवाय ८.० चा सपोर्टही एप्रिल २०२६ मध्येच संपतोय. म्हणजे ती ज्या महिन्यात जुनी होणार, त्याच महिन्यात तुम्ही ती मला नवी म्हणून बसवणार. पुढे ८.४ वर जायचं तर ५.७ वरून थेट उडी मारता येत नाही, मध्ये ८.० लागतेच. हे दोन्ही टप्पे एकदमच करणार, की दुसऱ्याचं बिल वेगळं? एकदा ८.० झालं की तोच डेटा घेऊन ५.७ वर परत फिरता येत नाही, जुना बॅकअपच कामाला येतो. आणि बॅकअपचीच तर तक्रार आहे, जी तुम्ही नोंदवत नाही. एएमसीचे पैसे मात्र नोंदवता.

८.० मध्ये लॉगिनची पद्धतही बदलली आहे. काउंटरवरचा तुमचा जुना बिलिंग प्रोग्राम त्याला जोडला जाईल का? अपग्रेडआधी काय बिघडेल ते दाखवणारी तपासणी मायएसक्यूएल शेल या त्यांच्याच टूलमध्ये आहे. स्वतःच्या प्रॉडक्टवर ती कधी चालवून पाहिलीत का? एवढी वर्षं तुमचं नाव इथल्या लोकांना मीच सुचवत आलो, त्याचं आता वाईट वाटतं.

तुमचा प्रोग्राम कोणत्या व्हर्जनवर तपासलेला आहे, ते सहीनिशी कळवा. आधी आमच्या डेटाची कॉपी वेगळ्या कॉम्प्युटरवर चढवून दाखवा. खरं काम गाड्या सुरू व्हायच्या आत, नाहीतर सरळ जूनमध्ये. तोवर बॅकअप दुरुस्त करून द्या, व्हर्जन कितीही जुनं असो. हे झालं नाही तर नूतनीकरणाचा चेक मिळणार नाही, आणि इथले बागायतदार सॉफ्टवेअरबद्दल विचारायला माझ्याकडेच येतात, हेही सांगून ठेवतो.

आपला (अजून तरी) ग्राहक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग