लाटेची उंची छापता, तिचा कालावधीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत निर्मनुष्य रीफवरच्या सर्फिंगबद्दल आलेला लेख मी दोनदा वाचला. पाण्याखालच्या खडकावर, म्हणजे रीफवर, फुटणाऱ्या लाटेविषयी इतक्या जिव्हाळ्याने लिहिलेलं मराठीत क्वचितच वाचायला मिळतं, म्हणून लेखकाचे आधी आभार. मी स्वतः बरीच वर्षं खडकाळ किनाऱ्यांवर सर्फिंग करते आणि जिथे गर्दी नाही अशाच रीफ शोधत असते. त्यामुळे लेखातला बहुतेक आनंद माझ्या ओळखीचा आहे. पण त्यातलं एक विधान मला तसंच सोडून देता येत नाही. हवामानाच्या रकान्यात लाटा जेमतेम मीटरभर दिसल्या, तर नवख्यानेही अशा ठिकाणी जायला हरकत नाही, असं लेखकाने सुचवलं आहे. आणि आपल्या हवामानाच्या रकान्यात समुद्राबद्दल छापला जातो तो एकच आकडा, लाटेची उंची. तेवढ्या आकड्यावर विसंबून कुणी रीफवर उतरलं, तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

लाटेचा दुसरा आकडा म्हणजे तिचा कालावधी. एका लाटेचा माथा एखाद्या जागेवरून गेला की पुढचा माथा तिथे यायला जितके सेकंद लागतात, तो कालावधी. जवळपासच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा पाच ते आठ सेकंदांच्या असतात. दूरच्या वादळातून निघून हजारो किलोमीटर पार करून आलेला स्वेल, म्हणजे लाटांचा लांबलचक ओघ, चौदा, सोळा, कधी अठरा सेकंदांचाही असतो. खोल समुद्रात ८ सेकंदांच्या लाटेची लांबी साधारण १०० मीटर असते, तर १६ सेकंदांच्या लाटेची ४०० मीटर. कालावधी दुप्पट झाला की लांबी चौपट होते. आणि लाटेला तळ जाणवू लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर. म्हणजे छोट्या कालावधीची लाट ५० मीटर खोलीपर्यंत तळाची दखलही न घेता येते. लांब कालावधीची लाट २०० मीटर खोलीवरच वळू लागते. पाण्याखाली खडकाचा उंचवटा असेल तर तिचा दोन्ही बाजूंचा भाग त्याच्याकडे वाकतो आणि लांबवर पसरलेली ताकद त्या एका जागी येऊन आदळते.

उंची तीच असली तरी १६ सेकंदांची लाट ८ सेकंदांच्या लाटेच्या दुप्पट शक्ती घेऊन किनाऱ्याकडे येत असते. साध्या, एकसारख्या उतारावरसुद्धा समुद्रातली एक मीटरची लाट फुटताना किती उंच होईल याचा हिशेब केला, तर ८ सेकंदांना ती १.४ मीटरच्या आसपास निघते आणि १६ सेकंदांना १.९ च्या आसपास. खडक तिला एकवटत असेल तर त्याहूनही जास्त. शिवाय पूर्वानुमानातली उंची ही सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. दिवसभरातली एखादी लाट त्या आकड्याच्या जवळपास दुप्पट निघणं अगदी स्वाभाविक आहे. हे सगळं रकान्यातल्या ‘१ मीटर’मागे दडलेलं असतं.

वाळूच्या किनाऱ्यावर याची थोडीफार भरपाई होते. तळ हळूहळू चढतो, लाट वाटेत ताकद गमावत येते, पडलं तर खाली वाळू असते. रीफवर खोल पाणी एकदम संपतं. लाटेला सावकाश फुटायला सवड मिळत नाही, ती उथळ पाण्यात घुसते आणि तिचा माथा पुढे फेकला जातो. ती पोकळ नळी, जिच्यासाठी आम्ही जातो, ती यातूनच तयार होते. फुटण्याआधी लाट समोरचं पाणी स्वतःकडे ओढून घेते आणि खडकावरचं पाणी आणखी कमी होतं. वरून बघताना दोन मीटर पाणी आहे असं वाटलेल्या जागी पडताना कमरेइतकंच असू शकतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधलं सर्फिंग ताहितीतल्या तेआहुपो इथे झालं आणि अनेकांनी अशी लाट टीव्हीवर पाहिली. तिथल्या प्रवाळाच्या कडेशी खोल समुद्र अगदी लागून आहे, म्हणून लाटेची ताकद वाटेत खर्चच होत नाही. पण तिथे बचाव पथकं होती, जेटस्की होत्या, डॉक्टर होते. लेखातल्या रीफवर यातलं काहीही नसणार.

लांब कालावधीच्या स्वेलची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिनेच माणसं सर्वांत जास्त फसतात. या लाटा गटागटाने, म्हणजे सेटमध्ये येतात आणि दोन सेटच्या मधे समुद्र कधी कधी पंधरा-वीस मिनिटं जवळपास सपाट असतो. नवखा माणूस नेमका त्या वेळात खडकावर पोचतो, पाच मिनिटं पाणी बघतो आणि निर्धास्त होऊन उतरतो. मी अर्धा तास बसल्याशिवाय बोर्डला लीश, म्हणजे पायाला जोडणारी दोरी, बांधत नाही, कालावधी जास्त असेल तर त्याहून अधिक. बसल्या बसल्या बघायलाही पुष्कळ असतं. खडक कुठवर ओला आहे, हे सगळ्यांत आधी पाहावं. आत्ता येणाऱ्या लाटा जिथवर पोचताहेत त्याच्या बऱ्याच वर खडक ओला चमकत असेल, तर थोड्याच वेळापूर्वी मोठा सेट येऊन गेला आहे आणि पुन्हा येणार आहे. मग पाणी परत कुठून जातं ते शोधावं. लाटांनी रीफवर चढवलेलं पाणी कुठल्या तरी खोल घळीतून समुद्रात परततं. तिथे रंग गडद असतो, लाटा फुटत नाहीत. आत जायची वाट तीच. जिथे पृष्ठभाग उकळल्यासारखा गोल गोल वर येतो, तिथे खाली एकटा खडक उभा आहे असं समजावं आणि त्या रेषेवर लाट घेऊ नये.

भरती-ओहोटीचा हिशेब यापेक्षाही कडक. एकच रीफ ओहोटीला उघडी पडते, मध्यावर सुंदर चालते आणि पूर्ण भरतीला लाटा तिच्यावरून न फुटताच पुढे जाऊन मागच्या कड्यावर आपटतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात या बदलाचा मोठा भाग दोन-तीन तासांत होतो. ज्या खडकावरून आपण उतरलो तो परत येईपर्यंत पाण्याखाली गेलेला असू शकतो. म्हणून उतरण्याआधी बाहेर पडायच्या दोन जागा ठरवाव्या लागतात, एक आत्ताच्या पाण्यासाठी आणि एक चढलेल्या पाण्यासाठी. पांढरे, खरखरीत बार्नेकल, म्हणजे खडकाला घट्ट चिकटलेले कवचाचे जीव, असलेल्या खडकावर पाय ठरतो. काळसर हिरव्या शेवाळावर ठरत नाही. बाहेर येताना सेट पूर्ण जाऊ द्यायचा, मग शेवटच्या लाटेच्या उसळीबरोबर खडकावर यायचं आणि पाणी मागे ओढलं जात असताना घट्ट धरून राहायचं. पाणी उतरलं की लगेच वर सरकायचं. तिथे बोर्ड वाचवायच्या नादात हात सोडू नये. बोर्ड पुन्हा मिळतो.

पडण्याचंही तंत्र आहे. उभं, पाय खाली करून पडायचं नाही. अंग पसरून, जमेल तितकं पाण्याच्या वरच्या थरात पडायचं, हातांनी डोकं झाकायचं आणि पाय टेकवायची घाई करायची नाही, कारण कपारीत अडकलेला पाय पुढची लाट सोडवून देत नाही. हेल्मेट, जाड तळाचे रीफचे बूट आणि एका झटक्यात सुटणारी लीश हे मी निर्मनुष्य रीफवर सक्तीचं मानते. १९९४ च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅव्हरिक्स या रीफवर मार्क फू हा हवाईचा नामांकित सर्फर बुडाला. त्याची लीश खडकात अडकली असावी असा तर्क आहे. पाण्यात कसलेले सर्फर होते, कॅमेरे लागलेले होते, आणि तरीही तो वर आलेला नाही हे बराच वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही. इतक्या जणांच्या देखत हे घडतं, तर रिकाम्या रीफवर कुणाच्या भरवशावर उतरायचं?

त्याच मॅव्हरिक्सचं दुसरं उदाहरण हमखास दिलं जातं, ते जेफ क्लार्कचं. १९७५ पासून सुमारे पंधरा वर्षं तो तिथे जवळजवळ एकटाच लाटा घेत होता. हे खरं आहे. पण तो त्याच किनाऱ्यावर वाढला होता, ती रीफ त्याच्या रोजच्या पाहण्यातली होती. सुट्टीच्या दिवशी पुरवणी वाचून निघालेल्या माणसाशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

मला कुणाला घाबरवायचं नाही. रीफची जागा लपवून ठेवावी असं मानणारे सर्फर पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातली नाही. समुद्र कुणाच्या मालकीचा नाही आणि ज्याला ही लाट हवी आहे त्याला ती मिळावी. रिकाम्या रीफवर लाट घेण्यासारखं दुसरं सुख मला ठाऊक नाही. वाळूतला उंचवटा आठवड्याभरात सरकतो, खडक मात्र हलत नाही, म्हणून लाट प्रत्येक वेळी त्याच जागी उभी राहते. दूरचं एक झाड आणि त्यामागच्या कड्याची खाच एका रेषेत आणली, की आपण नेमक्या जागी बसलेलो असतो. कुणाशी स्पर्धा नाही, कुणाची पाळी नाही. क्षितिजावर काळी रेघ दिसते, ती दुसरी, तिसरी होते आणि कुठली घ्यायची हे आपण ठरवायचं. मोठ्या कालावधीच्या लाटेखाली सुरुवातीला जी उचल मिळते, तिच्यात बोर्ड जणू आपणहून निघतो. मला अजूनही त्या क्षणी मोठ्याने ओरडावंसं वाटतं आणि मी ओरडते, ऐकायला कुणी नसतं.

पण गर्दीच्या ठिकाणी नवखा माणूस न विचारताच खूप काही शिकतो. लोक कुठे बसलेत, कुठून बाहेर येताहेत, कोण आत जायला कचरतंय, सगळं समोर असतं. रिकाम्या रीफवर हे काहीच नसतं. तिथे माणसाजवळ असते ती फक्त त्याने घरून निघताना घेतलेली माहिती, आणि ती माहिती आपल्यासारख्या वृत्तपत्रातून सर्वांत सहज पोचू शकते. स्वेल मोजायचं शास्त्र काही नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि हॅराल्ड स्व्हेरड्रुप यांनी सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांची पूर्वानुमानं बसवली, आणि १९६३ मध्ये मंक यांच्या चमूने न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी लावून दक्षिणेकडच्या वादळांतून निघालेल्या लाटांचा संपूर्ण पॅसिफिकभर माग काढला. १६ सेकंदांचा स्वेल ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने सरकतो. २,००० किलोमीटरवरचं वादळ किनाऱ्याला जाणवायला जवळपास दोन दिवस जातात. वृत्तपत्र छापून वाटायला एवढा वेळ भरपूर आहे.

म्हणून विनंती अशी की हवामानाच्या रकान्यात उंचीच्या शेजारी कालावधी आणि दिशा द्यावी आणि खाली भरती-ओहोटीच्या वेळा. एवढ्याला दोन ओळी पुरतात. कालावधी १२ सेकंदांच्या पुढे असेल त्या दिवशी तो ठळक छापावा. याचा उपयोग सर्फिंग करणाऱ्या मूठभरांपुरता राहणार नाही. खडकावर गळ टाकून बसणारे, ओहोटीला कालवं काढणारे, कड्याच्या टोकावर फोटोसाठी उभे राहणारे, या सगळ्यांना ‘अचानक’ आलेली लाट ओढून नेते. ती बहुतेकदा अचानक आलेली नसते. दोन दिवस आधीच ती निघालेली असते आणि तिचा आकडा कुठे तरी नोंदलेला असतो.

लेखकालाही एक आग्रहाची सूचना. पुन्हा त्या रीफवर जाणार असाल तर एकदा उधाणाची सर्वांत खालची ओहोटी गाठा, बोर्ड घरी ठेवा आणि उघडा पडलेला खडक शक्य तितका पायी फिरून पाहा. कपारी कुठे आहेत, एकटे सुळके कुठे आहेत, घळ कुठून कुठे जाते, याचा कागदावर साधा नकाशा काढा. पुढच्या लेखात तो छापून आला तर मी तरी कापून जपून ठेवीन.

आपली,
एक सर्फर वाचक